वाचक विचारतात: लाकडी गोळीचं काडतूस

प्रश्न: जुन्या घराची माडी उतरवताना आजोबांच्या लोखंडी पेटीत पाच काडतुसं सापडली. आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. पुंगळी पितळेची आहे, पण टोकाला धातूच्या गोळीऐवजी लालसर जांभळं लाकूड बसवलंय. बुडावर गोलाकार अक्षरं आहेत: वर 'पी' आणि एक आकडा, मग 'एस' आणि चांदणी, खाली आणखी एक आकडा आणि डावीकडे 38. गावातले एक निवृत्त हवालदार सांगतात, जखम पिकावी म्हणून जर्मन लाकडाची गोळी मारत. हे खरं आहे का? आणि काडतुसं जिवंत आहेत की मेलेली?
– वाचक, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर: आधी शेवटच्या प्रश्नाचं. जिवंतच धरून चाला.

अशा वस्तूत सगळ्यांची नजर टोकावर जाते, पण ओळख पटते ती बुडावरून. तुम्ही लिहिलेली मांडणी जर्मन आहे. बूड घड्याळासारखं धरा. 12 च्या जागी कारखान्याचा संकेत, 3 वर पुंगळीचा धातू, 6 वर घाण्याचा, म्हणजे लॉटचा नंबर आणि 9 वर सालाचे शेवटचे दोन आकडे. 'एस' आणि चांदणी म्हणजे पितळ, 38 म्हणजे 1938. युद्ध सुरू झाल्यावर 'पी'चे आकडे जाऊन बारीक अक्षरांचे संकेत आले आणि पितळ वाचवायला पोलादी पुंगळ्याही निघाल्या.

खात्रीसाठी काडतूस पेटीतच राहू द्या, शेजारी शाळेची पट्टी ठेवा आणि फोटो काढा. लाकूड सोडून नुसती पुंगळी 57 मि.मी. भरली आणि बुडाची कड पुंगळीच्या अंगाबाहेर आली नसेल, फक्त बुडालगत एक खाच असेल, तर ते 7.92 मि.मी. मॉझर या जर्मन रायफलीचं काडतूस. लाकडी टोकाचा हा प्रकार म्हणजे जर्मन सैन्याचं सरावाचं ब्लँक, म्हणजे नुसता बार वाजवणारं काडतूस, 'प्लाट्झपात्रोन'. पुंगळी 52 मि.मी. आणि मान बारीक असेल तर इटालियन 6.5 मि.मी. कार्कानो रायफलीचं समजा, त्यांच्याही ब्लँकला लाकडी टोक असे. ब्रह्मदेशातून परतलेल्या एखाद्याच्या पेटीत जपानी ब्लँक निघालं, तर त्याचं टोक कागद गुंडाळून केलेलं दिसेल.

आता लाकूड कशाला? ब्लँकमध्ये गोळी लागतच नाही, पुंगळीचं तोंड चिमटून बंद केलं तरी बार वाजतो. पण तसं काडतूस आखूड आणि बोथट होतं. मॅगझिनमधून वर सरकताना ते नळीच्या तोंडाशी अडकतं, आणि मशीनगनमध्ये तर हमखास. म्हणून खऱ्या गोळीच्या लांबीचं, निमुळतं टोक बसवायचं. हे टोक आतून पोकळ असतं. बार उडाला की वायूच्या दाबाने आणि नळीतल्या आट्यांनी त्याचा चुरा होतो. मशीनगनच्या तोंडाला वेगळं बुच्च बसवत. ते लाकडाच्या चिंधड्या करतं आणि वायू थोडा अडवून धरतं, नाहीतर यंत्र पुढचा राउंड, म्हणजे काडतूस, भरतच नाही. रंगही सोयीचा: डब्यात हात घातला की सरावाचा राउंड वेगळा दिसला पाहिजे.

हवालदारसाहेबांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या पदरची नाही. 1944 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैनिकांना जर्मन ठाण्यांत असे राउंड सापडले, तेव्हा तीच वदंता उठली: कुणी म्हणे जखम चिघळवायला, कुणी म्हणे जर्मनांचं शिसं संपलं. दोन्ही खोटं. पोकळ लाकूड काही मीटरांपलीकडे तग धरत नाही, शत्रूवर मारायला ते कुचकामी. जवळून मात्र खेळ नव्हे. नळीच्या तोंडापाशी लाकडाच्या ढलप्या आणि गरम वायू माणसाचा डोळा फोडतात, जीवही घेऊ शकतात.

तुमच्या पेटीतला धोका निराळा आहे. बुडाच्या मधोमध बसवलेली, ठोका बसला की दारू पेटवणारी छोटी टोपी आणि आतली दारू कोरडी राहिली असेल तर इतक्या वर्षांनीही पेट घेते. त्यात आपल्याकडचं हवामान. पावसाळ्यात लाकूड फुगतं, वैशाखात आकसतं, टोक सैल होतं आणि पेटीच्या तळाला बारीक दाणे किंवा चकत्या सांडलेल्या दिसतात. ती दारूच. झाडूने गोळा करू नका, त्याच खोलीत विडी-उदबत्ती नको. पितळेवर हिरवी बुरशी आली असेल तर घासू नका. जुनं पितळ मानेशी चिरलेलं असतं.

टोपीवर खळगा आहे का, ते लांबून बघा. खळगा आहे आणि टोक जागेवर आहे, म्हणजे तो राउंड कधीतरी उडवायचा प्रयत्न फसलेला. असा राउंड सगळ्यात बेभरवशाचा. हलवून आवाज येत नाही म्हणून रिकामं, हा हिशेबही चालत नाही. 'तेलात बुडवून ठेवलं की मरतं' हेही ऐकायला मिळतं; तेल टोपीत शिरेल याची हमी कोण देणार? वजन करायला सोनाराकडे नेऊ नका. पक्कड लावून टोक उपसणं, कीचेनसाठी भोक पाडणं, चुलीत टाकून 'निकामी' करणं, यातलं काहीही नको. आगीत सुटं काडतूस फुटलं की लाकडाआधी पितळेचे तुकडे आणि टोपी उडते, अन् ती नेमकी बघणाऱ्याच्या दिशेने.

प्रश्न: आमच्या शाळेच्या एनसीसीच्या जुन्या पेटाऱ्यात लाकडी टोकाचे काही राउंड आहेत. पुंगळीला आरपार भोकं आहेत आणि बुडात टोपीच नाही. मुलांना दाखवायला ठेवले तर चालतील?
– शिक्षक, हिंगणघाट

उत्तर: वर्णनावरून हे ड्रिलचे राउंड, म्हणजे राउंड भरण्या-काढण्याच्या कवायतीचे. जुन्या ब्रिटिश रायफलीच्या .303 काडतुसाची खूण म्हणजे बुडाची कड अंगाबाहेर आलेली आणि पुंगळी सुमारे 56 मि.मी. लांब. बुडावर 'के' आणि 'एफ'च्या मध्ये बाण असेल तर माल पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचा. ब्रिटिश घडणीच्या ड्रिल राउंडमध्ये कल्हईसारखी पांढरी पुंगळी आणि लाल रंगवलेल्या उभ्या खाचाही दिसतात.

पण अख्ख्या ढिगावर एकदम शिक्का मारू नका. एकेक राउंड बघा: अंगाला भोक किंवा खाच आहे ना, आणि टोपीची जागा मोकळी आहे ना? दोन्ही हवं. जुन्या पेटाऱ्यांत ड्रिलच्या राउंडांत एखादा खरा मिसळलेला असतो, आणि मुलं नेमकी त्यालाच हात घालतात. एकही शंकास्पद निघाला तर पेटारा बंद करून एनसीसी बटालियनच्या कार्यालयाला कळवा. शाळेच्या कपाटात काही मांडायचं ते त्यांच्या लेखी परवानगीनंतरच.

प्रश्न: वावर नांगरताना असं काही निघालं तर पोलिसात द्यावं, की आपल्याच मागे झेंगट लागेल?
– शेतकरी, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर: जागेवरच राहू द्या. नांगर थांबवा, काठी रोवून खूण करा, गुरं-पोरं लांब ठेवा. पोलीस पाटलाला सांगा आणि 112 वर फोन करा. गरज वाटली तर ते बॉम्ब शोधक व नाशक पथक बोलावतील. तुम्ही स्वतः खिशात घालून एसटीने ठाण्यात जाऊ नका. शस्त्र अधिनियम 1959 नुसार काडतूस बाळगायला परवाना लागतो, आणि .303 तर सर्वसामान्याला न मिळणारा बोअर, म्हणजे नळीचं माप. म्हणून लपवून ठेवण्यातच खरं झेंगट आहे. कुठे, कधी, काय सापडलं याचा अर्ज दोन प्रतींत लिहा, एका प्रतीवर ठाण्याची पोहोच घ्या. वरुडच्या वाचकांनीही हेच करावं, सोबत आजोबांचं सेवापुस्तक जोडावं. भंगारवाला पितळेचा भाव सांगेल, त्याला नाही म्हणा; तो ते भट्टीतच टाकणार आहे.