सेन्सेक्स चढतो त्याच दिवशी माझे शेअर का पडतात?

तुमचा प्रश्न असा, की टीव्हीवर 'सेन्सेक्स ४०० अंकांनी वधारला' सांगतात आणि तुमचे शेअर लालच असतात, मग हा आकडा काढतात तरी कसा? मी कोल्हापुरात राजारामपुरीत सब-ब्रोकरचं काम करतो. शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवालेही हेच विचारतात.

सेन्सेक्स हा मुंबई शेअर बाजाराचा (बीएसई) निर्देशांक, म्हणजे निवडक कंपन्यांच्या शेअरवरून काढलेला एक आकडा. या बाजारात हजारो कंपन्या आहेत, सेन्सेक्समध्ये फक्त ३०. तुमची कंपनी त्यात नसेल, तर तिच्या चढउताराने सेन्सेक्सला काडीचाही फरक पडत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. या तिसांचं वजन सारखं नसतं. समजा, एका कंपनीचे १०० कोटी शेअर आहेत, भाव ५०० रुपये आणि ६० टक्के शेअर प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालकांकडे. ते सहसा विकायला येत नाहीत, म्हणून धरायचेच नाहीत. उरले ४० कोटी; गुणिले ५०० म्हणजे २०,००० कोटी रुपये. हा झाला फ्री फ्लोट. सप्टेंबर २००३ पासून सेन्सेक्स असाच मोजतात. ज्याचा फ्री फ्लोट मोठा, त्याचं वजन जास्त. शेअरचा नुसता भाव किती, याला इथे किंमत नाही. (अमेरिकेतला डाऊ जोन्स निर्देशांक मात्र भावावरच चालतो.)

आता समजा सेन्सेक्स ८०,००० वर आहे. १२ टक्के वजनाची बँक २ टक्के चढली, की एकटी १९२ अंक वर नेते. १ टक्का वजनाची कंपनी तब्बल ५ टक्के आपटली, तरी ४० अंकच जातात. म्हणजे चार-पाच बड्या कंपन्या चढल्या आणि बाकी निम्मा बाजार पडला, तरी मथळा तेजीचाच.

अंकांपेक्षा टक्के बघा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. १९७८-७९ हे पायाभूत वर्ष, तेव्हाचा आकडा १०० धरलाय. १९९० च्या जुलैत सेन्सेक्स पहिल्यांदा हजारावर गेला. त्या वेळचे ४०० अंक म्हणजे ४० टक्के; ८०,००० वर तेच ४०० म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. लोक उगाच घाबरून विकतात.

बोनस (भागधारकांना फुकट जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक लहान शेअर) झाला तर हिशोबात दुरुस्ती करतात, त्यामुळे त्याने आकडा हलत नाही. रोजच्या सेन्सेक्समध्ये लाभांश धरत नाहीत.

तुमच्या कंपन्या लहान असतील तर बीएसई स्मॉलकॅप निर्देशांकाशी ताडून बघा. नावं इथे लिहिलीत तर त्या कुठल्या निर्देशांकात बसतात ते बघून सांगतो.