क्रूझला निघताना हमखास विसरणाऱ्या वस्तू

प्रश्न : आम्ही रेल्वेने मुंबईला जाऊन तेथून वृद्ध आई-वडिलांसह प्रथमच क्रूझवर जाणार आहोत. सामान भरताना सहसा काय विसरते? – एक वाचक, लातूर

उत्तर : सर्वांत आधी हातातल्या लहान पिशवीचा विचार करावा, कारण बंदरावर मोठ्या बॅगा कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन कराव्या लागतात आणि त्या खोलीत पोहोचायला कित्येकदा काही तास लागतात, म्हणून आई-वडिलांची रोजची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, मूळ ओळखपत्रे, चष्मा हे सारे त्या पिशवीतच असावे. मराठवाड्यातील आपल्यासारख्यांना समुद्राच्या हेलकाव्यांची सवय नसते, तेव्हा मळमळीवरील गोळ्या डॉक्टरांना विचारून न्याव्यात आणि त्रास सुरू होण्यापूर्वीच घ्याव्यात. माझ्या मते ही वस्तू सर्वांत महत्त्वाची आहे. खोल्यांच्या भिंती बहुधा धातूच्या असल्याने ओले कपडे, टोप्या अडकवण्यासाठी चुंबकाचे हूक फार उपयोगी पडतात. वातानुकूलनामुळे आत गारठा असतो, त्यामुळे शाल घ्यावीच. इस्त्री आणि विजेची किटली मात्र आगीच्या धोक्यामुळे बहुतेक जहाजांवर चालत नाही. खोल समुद्रात फोन विमान मोडवर ठेवावा, कारण जहाजावरील उपग्रह नेटवर्कचे रोमिंग अतिशय महाग पडते.