आजीचं आयुष्य लिहिताना

प्रिय,

आजीचं आयुष्य लिहून ठेवायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण इतक्यात लिहायला बसू नकोस. आधी ऐकायचं, मग उतरवायचं, लिहिणं सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला की जन्म, लग्न, मुलं, कष्ट असं कुठल्याही आजीला लागू पडेल असं काहीतरी तयार होतं.

एका बैठकीला पाऊण तास पुरे; पुढे आवाज थकतो आणि उत्तरं आखूड होत जातात. तिच्याशी एकटीशीच बोल. आजोबा शेजारी असले की ते मध्येच साल दुरुस्त करतात आणि तिची गोष्ट तिथेच तुटते. त्यांची बैठक वेगळी घे. फोन फ्लाइट मोडवर टाकून घडी घातलेल्या कापडावर, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेव. नुसत्या टेबलावर ठेवलास तर टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का रेकॉर्डिंगमध्ये येतो. पंखा बंद कर. मिनिटभर रेकॉर्ड करून ऐकून बघ आणि मगच तारीख, जागा, दोघांची नावं मोठ्यानं सांगून सुरुवात कर.

‘तुझं लहानपण कसं होतं?’ असं विचारलंस तर ‘चांगलं होतं’ यापलीकडे काही मिळणार नाही. त्याऐवजी कोरा कागद तिच्यापुढे सरकव आणि लहानपणीच्या घराचा नकाशा काढून घे. दार कुठे होतं, पाणी कुठून आणायचे, रात्री उजेड कशाचा, कोण कुठे झोपायचं, आजारी माणसाचं अंथरूण कुठे घालायचे? बोट एका खोलीवर टेकलं की त्या खोलीतली माणसं बोलायला लागतात. रेघा वाकड्या आल्या तरी तू नीट करू नकोस. कागदावर तारीख घालून तोच जपून ठेव. उतारवयात माणसाला साधारण 10 ते 30 या वयातलं जास्त आठवतं, तेव्हा निम्म्या बैठका तरी त्या काळासाठी राख.

ती बोलता बोलता थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मनात दहापर्यंत आकडे मोज. महत्त्वाचं बरंचसं त्या थांबण्यानंतर येतं.

साल थेट विचारू नकोस, अंदाजानं सांगितलं जातं. ‘लग्नाआधी की नंतर? थोरला तेव्हा चालायला लागला होता का?’ असं विचार आणि मग कागदपत्रांशी ताडून बघ. जुन्या नोंदीतली जन्मतारीखसुद्धा कधी कधी अंदाजानं घातलेली असते. दोन्ही जुळत नसतील तर मजकुरात तिचं म्हणणं आणि तळटीपेत कागदावरचं, असं ठेव.

तासाभराचं बोलणं उतरवायला सहज चार-सहा तास जातात, म्हणून ते त्याच आठवड्यात उरक. आपोआप लिहून देणारं ॲप वापरलंस तरी नावं आणि बोलीतले शब्द पुन्हा ऐकून तपास. गोंधळ नेमका तिथेच होतो. आणि कृपा करून तिची बोली प्रमाण भाषेत बदलू नकोस. ती ज्या शब्दांत रागावते, हळहळते, ते शब्द बदलले की पानावर तुझा आवाज उरतो, तिचा नाही.

फोटोंवर बॉलपेन चालवू नकोस. दाबामुळे पुढच्या बाजूला वळ उठतो. मागे कडेला मऊ पेन्सिलीनं डावीकडून उजवीकडे नावं लिही. बायकांची माहेरची नावं आठवणीनं विचार, वंशावळीत ती सगळ्यात आधी हरवतात. छोटे फोटो 600 डीपीआयला, म्हणजे दर इंचाला 600 ठिपके या बारकाईनं, स्कॅन कर.

‘हे लिहू नकोस’ म्हणाली तर नाही लिहायचं. मसुदा तिला वाचून दाखव आणि तेव्हाही रेकॉर्डिंग चालू ठेव. ऐकताना तिला आणखी आठवतं.

लिहून झालं म्हणून मूळ आवाज पुसू नकोस. त्याच्या तीन प्रती ठेव: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. वर्षातून एकदा तिन्ही उघडून बघ. न वापरलेली डिस्क कुणाच्या लक्षात न येता बिघडते.