चौथी भिंत नसलेली खोली

प्रश्न : पेरूमधल्या तंबोपाताच्या जंगलातल्या इको-लॉजमध्ये तीन रात्री राहायचा बेत आहे. आम्ही दोघं साठीपुढचे. खोलीला एका बाजूने भिंतच नसते म्हणे! झोप लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या रात्री नाही लागणार. मलाही लागली नव्हती. मी तिथल्या पोसादा अमाझोनास या लॉजमध्ये राहिले, तिथे जंगलाकडची बाजू सताड उघडी. पलंगाभोवती मच्छरदाणी, बस्स. पहाटे हाउलर माकडं ओरडू लागली तेव्हा मला वाटलं वादळच आलं.

खाऊ मात्र खोलीत ठेवू नका. मी पिशवीत चिवडा ठेवला होता. सकाळी पिशवीला लिंबाएवढं भोक आणि फरशीवर उरलेले चार शेंगदाणे! वाट चिखलाची, पण गमबूट तिथेच मिळतात.

हे लॉज एसे एहा या तिथल्या आदिवासी लोकांच्या इन्फियेर्नो वस्तीचं. 1996मध्ये त्यांनी एका पर्यटन कंपनीशी वीस वर्षांचा करार केला : नफ्यातले 60 टक्के वस्तीला. आम्हाला झाडं दाखवणारा तिथलाच. ब्राझील नटचं फळ कोयत्याने फोडून त्याने आतल्या बिया मोजून दाखवल्या. 'इको' पाटी लावणाऱ्या कुणालाही पैसे देण्याआधी मी हेच विचारते : जमीन कुणाची?

आणि हो, पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र पासपोर्टातच ठेवा. परतताना आपल्याच विमानतळावर मागतात. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात काढावे लागू शकतात, आणि तिथे माकडंही नसतात.