छोट्या स्टेजवर ट्यूब अ‍ॅम्पचा टोन

अरे, कोरेगाव पार्कातल्या छोट्या कॅफेत गिटार वाजवायला ५० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) नेऊ नकोस. पण २५ वॅटचा नेलास की भागेल, असंही समजू नकोस. वॅट निम्मे केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं उतरतो, कानाला थोडासाच फरक कळतो. अशा जागेत ५ वॅटचाही पुष्कळ वाजतो.

आधी अ‍ॅम्प जमिनीवरून उचल. खुर्चीवर ठेव, जरा मागे कलता, स्पीकरचं तोंड तुझ्या कानाकडे. आपण अ‍ॅम्प गुडघ्यांना ऐकवतो, मग ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवतो, आणि पहिल्या टेबलावरच्या माणसाचे कान किटतात. माझी तर अर्धी अडचण एवढ्यानंच सुटली.

गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) घरच्यापेक्षा कमी ठेव, मिड (ना जाड ना बारीक, मधल्या फ्रिक्वेन्सीचा नॉब) जास्त. बँडमध्ये गिटार मिडमुळेच वर येते, घरी एकट्यानं वाजवताना हे लक्षात येत नाही.

अ‍ॅम्प जोरात चालवल्यावर पॉवर ट्यूबमधून (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबमधून) येणारं डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका आवाजच हवा असेल तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारा डबा) लाव, पण तिन्हींचे ओहम (विद्युत अडथळ्याचं माप) जुळवूनच. आणि स्पीकर किंवा लोड (स्पीकरच्या जागी ताकद झेलणारं उपकरण) न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नकोस, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.