विंडोज ११ वर जुन्या डॉस गेममध्ये संगीत वाजते, पण बाकीचे आवाज येत नाहीत. नवे साउंड कार्ड घ्यावे का?

आपल्या प्रश्नानुसार डॉसबॉक्समध्ये (विंडोजच्या आत डॉसचा जुना संगणक आणि त्याचे साउंड ब्लास्टर कार्ड यांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) डूम हा गोळीबाराचा गेम चालतो, संगीतही ऐकू येते, परंतु बंदुकीचा, दारांचा आणि राक्षसांचा आवाज येत नाही, आणि दुकानदाराने यूएसबी साउंड कार्ड घेण्यास सांगितले आहे. ते घेऊ नका. बिघाड कार्डात असता, तर संगीत तरी कुठून आले असते? हा साधा प्रश्न २०१० साली आमच्या घरात वेळेवर कोणी विचारला असता, तर नऊशे रुपये वाचले असते आणि आजवर चाललेला एक वादही टळला असता.

आमच्याकडे १९९५ मध्ये घेतलेले ४८६ यंत्र होते व त्यात साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड बसवलेले होते. २०१० च्या दिवाळीत दादाने विंडोज ७ चा नवा संगणक घेतला, तेव्हा मी जुन्या हार्ड डिस्कवरचा डूमचा फोल्डर जसाच्या तसा त्यावर उतरवला आणि ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नसल्यामुळे डॉसबॉक्स ०.७४ घातले. पहिल्या पातळीचे संगीत सुरू होताच दादाने खुर्ची पुढे ओढली, पिस्तूल झाडले, आणि काहीच ऐकू आले नाही. संगणक जोडून देणाऱ्या गृहस्थांना दादाने दुसऱ्याच दिवशी बोलावले. त्यांनी गेम जेमतेम अर्धा मिनिट पाहिला आणि मदरबोर्डवरच्या साउंडला डॉस कळत नाही, वेगळे कार्ड टाकावे लागेल, असा निकाल दिला. संगीत तर वाजते आहे, हे माझे म्हणणे दोघांनीही कानाआड केले. पीसीआय कार्ड आले, बसले, आवाज मात्र आला नाही. तेव्हा जुन्या सॉफ्टवेअरचे असेच असते, असे सांगून ते गृहस्थ पैसे घेऊन गेले.

खरे कारण असे आहे की, डूमचे संगीत आणि बाकीचे आवाज दोन निरनिराळ्या वाटांनी येतात. संगीतासाठी गेम साउंड ब्लास्टरवरच्या यामाहाच्या एफएम चिपला (सूर स्वतः तयार करणाऱ्या) पोर्टमार्फत, म्हणजे कार्डाच्या ठरलेल्या पत्त्यावर, सूर सांगतो आणि मोकळा होतो. गोळीचा किंवा आरोळीचा ध्वनिमुद्रित नमुना मात्र डीएमएमार्गे (प्रोसेसरला मध्ये न घेणाऱ्या वाटेने) मेमरीतून कार्डाकडे जातो, आणि त्याचा एक तुकडा वाजवून झाला की कार्ड आयआरक्यूच्या ठरलेल्या क्रमांकावर प्रोसेसरला हाक मारते. गेम ५ क्रमांकावर कान लावून बसला असेल आणि कार्ड ७ वर हाका मारीत असेल, तर दोघांची गाठ पडणार कशी? साउंड ब्लास्टर १६ सहसा ५ वर असे, डॉसबॉक्स ०.७४ मधले नकली कार्ड मूळचे ७ वर असते, आणि मी जुन्या फोल्डरबरोबर जुनी सेटिंगची फाइलही उचलून आणली होती.

हे मला त्या रात्री लगेच उमगले, असा आव मी आणत नाही. ती फाइल उघडल्यावर पोर्टसमोर ५४४ दिसले, तोच दोष समजून मी तेथे २२० लिहिले आणि चांगला तासभर फुकट घालवला. २२० हा सोळाच्या पायावरचा आकडा असून दशमान पद्धतीत तो ५४४ च होतो, हे ध्यानात आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. शेवटी गेमच्या सेटअपमध्ये जाऊन ध्वनी परिणामांसाठी साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ निवडले, आणि पहिल्याच गोळीला शेजारचे दार वाजले, कारण स्पीकर पूर्ण मोठा ठेवलेला होता.

आपणही हेच करावे. डॉसबॉक्समध्ये ‘सेट’ हा आदेश दिल्यास ब्लास्टरच्या ओळीत हे आकडे दिसतात (आय म्हणजे आयआरक्यू, डी म्हणजे डीएमए), आणि गेमच्या सेटअपमधले आकडे त्यांच्याशी जुळले पाहिजेत. डॉसबॉक्स आपला आवाज विंडोजकडेच सोपवते, त्यामुळे ज्या लॅपटॉपवर गाणी ऐकू येतात, त्याला या कामासाठी कोणतेही नवे कार्ड लागत नाही.

आपल्या दुसऱ्या गेममध्ये आवाज आहेत आणि संगीत नाही, याचे कारण बहुधा सीडीत आहे. त्या काळच्या अनेक गेमचे संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखे असे. केवळ फाइल्स किंवा आयएसओ प्रत घेतली की ते मागेच राहते, म्हणून बिन व क्यू या दोन फाइल्सच्या जोडीची प्रत काढून क्यू फाइल डॉसबॉक्सच्या इमेजमाउंट (IMGMOUNT) आदेशाने जोडावी लागते. सेटअपमध्ये संगीतासाठी रोलँड एमटी-३२ (संगीत वाजवणारे वेगळे यंत्र) निवडलेले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. आवाज तुटत असेल, तर कंट्रोल व एफ११ किंवा एफ१२ दाबून गती कमीजास्त करून पाहावी. विंडोज ९५ च्या गेमना यातले बरेचसे लागू पडत नाही, हे आधीच सांगायला हवे होते.

दादा आजही सांगतो की, आवाज त्या कार्डामुळेच आला, कारण कार्ड सकाळी बसले आणि आवाज रात्री आला. पुढल्या दिवाळीत मी त्याच्यासमोर कार्ड काढून गेम चालवून दाखवला, तेव्हा कार्ड गेले तरी त्याचा ड्रायव्हर आत राहिला असेल, असे उत्तर मिळाले. म्हणून विनंती आहे की, आयआरक्यूचा आकडा बदलून आवाज आला, तर तो कोणतेही कार्ड न बसवता आला, असे येथे स्पष्ट शब्दांत लिहावे. ते मला दादाला दाखवायचे आहे.