क्रमांक चिपमध्ये कोणी लिहावा

आपण वागळे इस्टेटमधील युनिटसाठी एटीमेगा३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप असलेले दोनशे बोर्ड करत आहात, प्रत्येकासाठी कोडमधील अनुक्रमांक बदलून पुन्हा कंपाइल करण्याला कंटाळला आहात आणि म्हणून एक तयार नमुना बोर्ड जॉबवर्कवाल्याकडे देण्याचा विचार करत आहात, असे आपण लिहिले आहे. कंटाळा रास्त आहे. क्रमांक ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणारी चिपमधील छोटी मेमरी) ठेवला की फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्राम, सर्वांना एकच चालते. ते कसे करायचे हे आपल्याला ठाऊक असेलच. नमुना बोर्ड मात्र कृपया देऊ नका.

महापे येथे आम्ही टाकीतील पाण्याची पातळी सर्व्हरला कळवणारी यंत्रे करतो. एका जॉबवर्कवाल्याला हेक्स फाइल (कंपाइल केलेले फर्मवेअर), क्रमांकांची यादी आणि लेखी सूचना दिली होती. त्याने पहिला तयार बोर्ड वाचून त्याचे फ्लॅश (फर्मवेअर राहते ती मेमरी) आणि ईईप्रॉम जसेच्या तसे बाकी सर्व बोर्डांवर उतरवले, आणि डब्यांवरची लेबले मात्र यादीप्रमाणे वेगवेगळी लावली. प्रत्येक बोर्ड एकेकटा तपासला असता निर्दोष ठरत होता, त्यामुळे एका सोसायटीची पातळी दुसरीच्या खात्यात दिसू लागेपर्यंत कोणालाच काही कळले नाही. जॉबवर्कवाल्याच्या कार्यालयाचे म्हणणे एवढेच, की बोर्ड चालतात, तेव्हा आमचे काम झाले. गच्च्यांवर चढून डबे उघडण्याचा खर्च अर्थातच आमच्याकडे आला.

तेव्हापासून माझे ठाम मत असे, की सोल्डरिंग आणि सामाईक फर्मवेअर खुशाल बाहेर करून घ्यावे, पण क्रमांक आपल्याच टेबलावर, अंतिम चाचणीच्या वेळी, एव्हीआरड्यूड (या चिपमध्ये लिहिण्या-वाचण्याचे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने लिहावा. लिहिलेला क्रमांक चिपमधून परत वाचावा, तो नोंदवहीत आधीच असेल तर बोर्ड बाजूला काढावा आणि लेबल यादीवरून नव्हे, तर या वाचलेल्या क्रमांकावरूनच छापावे. कोरे ईईप्रॉम सर्वत्र एफएफ वाचले जाते, म्हणून क्रमांकासोबत सीआरसी (क्रमांकावरून काढलेला तपासणीचा अंक) ठेवावा आणि तो जुळला नाही तर यंत्राने काम नाकारावे. जॉबवर्कवाल्याला लॉक बिट्स (चिपला कुलूप लावणारे बिट) लावू देऊ नयेत, कारण ते लागल्यावर प्रोग्रामरने ईईप्रॉममध्ये लिहिता येत नाही. ते आपणच सर्वांत शेवटी लावावेत. ईईसेव्ह फ्यूज (चिप पुसताना ईईप्रॉम राखून ठेवणारी सेटिंग) विसरू नये, अन्यथा पुढे फर्मवेअर बदलताना चिप इरेजमध्ये क्रमांकही पुसला जाईल. कारखान्यातून आलेल्या चिपचा हाय फ्यूज (ईईसेव्ह ज्यात येतो तो सेटिंगचा बाइट) हेक्समध्ये डी९ असतो, तो त्यासाठी डी१ करावा लागतो.

चिपचा स्वतःचा आयडी वापरा, असेही कोणी सुचवेल. एसटीएम३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तो ९६ बिटांचा असतो. आरपी२०४० या आणखी एका मायक्रोकंट्रोलरमध्ये स्वतःचा नसल्याने बाहेरील फ्लॅश चिपचा ६४ बिटांचा आयडी घेतात. ३२८पीच्या डेटाशीटमध्ये मात्र तसे आश्वासन नाही, ते ३२८पीबी या तिच्या नव्या भावंड-चिपच्या डेटाशीटमध्ये आहे. माझ्या मते असा आयडी ग्राहकाला फोनवर सांगण्याजोगा नसतो, परंतु क्रमांकाशेजारी साठवून सुरू होताना ताडून पाहिल्यास नक्कल लगेच पकडली जाते. पुढची आवृत्ती ३२८पीबीवर करता आली तर तेवढ्यासाठीही करावी.

हे सर्व काहीशे बोर्डांच्या अनुभवावरचे आहे. हजारोंचे काम असेल तर अनुक्रमांक आपोआप वाढवणारा प्रोडक्शन प्रोग्रामर घेणे बरे. लेबल कागदी नको, पॉलिएस्टरचे घ्यावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी लेबल गच्चीवर टिकत नाही.